पत्र्याआडचा सुतार

निवृत्त होऊन पाच महिने झाले होते. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिशिगनमधल्या एका शेतकऱ्याच्या कोठारामागे गवतात रुतून बसलेला तेरा फुटी ट्रेलर मी सहाशे डॉलरला विकत घेतला. बनावट १९६१ सालची. मोटारीच्या मागे जोडून ओढत न्यायचं हे एका खोलीचं घर असतं. दोन्ही टोकांना झोपायचे बाक, मध्ये गॅसची शेगडी, छोटी मोरी, बर्फाची पेटी आणि मिटून ठेवता येणारं टेबल. इंग्लंडात याला कॅरॅव्हॅन म्हणतात, अमेरिकेत ट्रॅव्हल ट्रेलर. बायकोनं भोवती एक फेरी मारली, दार उघडून आत डोकावली, उंदरांच्या लेंड्यांचा वास आल्यावर दार लावून घेतलं आणि म्हणाली, "आपल्याला घर आहे की."

दोन महिन्यांचं काम असेल, असा माझा अंदाज होता. चौदा महिने लागले. त्या चौदा महिन्यांत दिवसा हातात पाना आणि रात्री हातात पुस्तक, असा क्रम लागून गेला. हा लेख त्या रात्रींमधून निघालेला आहे. दिवसांची गोष्ट त्यात अधूनमधून येईल, कारण एकाशिवाय दुसरी मला सांगता येत नाही.

जुना ट्रेलर दुरुस्तीला घेतला की पहिला धडा मिळतो तो बांधणीच्या क्रमाचा. आपण घर बांधताना आधी भिंत उभारतो, मग आतून गिलावा करतो. ट्रेलरच्या कारखान्यात सगळं आतून बाहेर चालतं. लोखंडी सांगाड्यावर जमीन ठोकायची, तिच्यावर आतल्या अंगाचं पातळ बर्चचं प्लायवूड उभं करायचं, त्याच्या पाठीवर पाइनच्या बोटभर जाडीच्या पट्ट्यांची चौकट, पट्ट्यांच्या मधल्या पोकळीत विजेच्या तारा आणि काचतंतूंचा कापूस, आणि सगळ्यात शेवटी बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा. आतल्या कपाटांचे स्क्रूसुद्धा भिंतीच्या पाठीमागून मारलेले असतात. त्यामुळे आतलं कपाट सोडवायचं तर आधी बाहेरचा पत्रा सोलावा लागतो. मी पहिले चार दिवस आतून खटपट करत होतो. पाचव्या दिवशी हे लक्षात आलं.

पत्रा सोलला तेव्हा पावसानं पंचावन्न वर्षांत काय केलं ते दिसलं. पाणी कधी मधूनच शिरत नाही. ते कोपऱ्यावरच्या पट्टीच्या स्क्रूंमधून, खिडकीच्या चौकटीतून, छपरावरच्या झरोक्याच्या कडेनं येतं. तिथं भरलेली लांबी वाळून तडकते, आणि मग दर पावसाला थेंब थेंब लाकडात मुरतो. बाहेरून पत्रा शाबूत, आतून भिंत शाबूत, आणि दोहोंच्या मध्ये लाकडाची तपकीर झालेली. चिमटीत धरली तर उडून जाईल अशी.

पण मला थांबवलं ते कुजलेल्या लाकडानं नव्हे. मागच्या भिंतीच्या प्लायवूडच्या पाठीवर, जिथं कुणाची नजर जाण्याचं कारण नव्हतं, पेन्सिलीनं केलेली एक बेरीज होती. इंचांचे अपूर्णांक, खाली रेघ, उत्तर, आणि उत्तर खोडून पुन्हा लिहिलेलं. शेजारी 'डावी' असा इंग्रजी शब्द आणि बाण. हा कारखान्यातल्या कुणा कामगाराचा हात. थोडं खाली दुसऱ्या कुणाचा तरी: कुजलेला भाग कापून तिथं मोटारीची जुनी नंबरप्लेट खिळ्यांनी ठोकली होती, ओहायओ राज्याची, १९७४ ची. हा मधल्या कुणा मालकाचा हात. आता तिसरा माझा. पहिल्याला त्या कामाचे पैसे मिळाले होते, दुसऱ्यानं गरजेपोटी केलं असावं, आणि मी हौसेनं करत होतो. एकाच भिंतीवर ही तीन माणसं कशी आली, हा प्रश्न घेऊन मी ग्रंथालयात गेलो.

चाकांवरच्या हौशी घराची गोष्ट बहुतेक लेखक सुरू करतात ती १८८५ पासून. विल्यम गॉर्डन-स्टेबल्स हा ब्रिटिश नौदलातून निवृत्त झालेला डॉक्टर. त्यानं ब्रिस्टलच्या वॅगन कारखान्याकडून 'वाँडरर' नावाची घोड्यांनी ओढायची एक गाडी करून घेतली. महॉगनीचं काम, वजन सुमारे दोन टन. ती घेऊन तो त्या उन्हाळ्यात इंग्लंडातून थेट स्कॉटलंडमधल्या इन्व्हर्नेसपर्यंत गेला. जिप्सींसारखं मुक्त जगण्याची त्याला हौस होती. मात्र बरोबर गाडीवान होता, आणि एक नोकर तिचाकी सायकलवरून पुढे जाऊन रस्ता मोकळा आहे का ते पाहत असे. ज्या जिप्सींची तो नक्कल करत होता, त्यांच्यावर त्याच काळात मुक्कामाच्या जागेवरून पोलीस धाडी घालत. हौस आणि गरज यांची गाडी एकाच आकाराची असू शकते, पण तिच्याकडे बघणारे डोळे वेगळे असतात, हे तिथपासूनच दिसतं. हा डॉक्टर लिहिणारा होता, म्हणून तो इतिहासात आला. त्या गाडीचे सांधे ज्यांनी बसवले ते ब्रिस्टलचे सुतार आले नाहीत.

अमेरिकेत घोड्यांचा प्रश्न हेन्री फोर्डनं सोडवला. मॉडेल टी १९०८ साली आली आणि काही वर्षांत शेतकरी, दुकानदार, शाळामास्तर यांच्या दारात मोटार उभी राहिली. इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट गावी या उद्योगाचं एक संग्रहालय आहे. तिथं १९१३ सालचा एक ट्रेलर जपून ठेवलेला आहे, लॉस एंजेलिसमध्ये बांधलेला. जवळून पाहिला तर ती सुताराची पेटी आहे, चाकांवर ठेवलेली. मोटारीची विद्या अजून त्यात उतरलेली नाही. १९१९ मध्ये फ्लोरिडातल्या टँपा शहरातल्या डी सोटो पार्कमध्ये अशा भटक्यांनी आपला संघ काढला, 'टिन कॅन टुरिस्ट्स'. डबाबंद अन्नावर राहणारे म्हणून हे नाव, आणि ओळखीची खूण म्हणून मोटारीच्या रेडिएटरच्या झाकणावर डाखून बसवलेला पत्र्याचा डबा. त्यांच्या वाहनांची छायाचित्रं पाहिली की गंमत वाटते. एकासारखं दुसरं नाही. कुणी तंबू शिवलाय, कुणी कोंबड्यांचं खुराडं वाटावं अशी खोली ठोकलीय. दुकानात मिळत नव्हतं म्हणून प्रत्येकानं आपापलं केलं होतं.

कारखानदारी निघाली ती या ठोकाठोकीतूनच. डेट्रॉइटचा आर्थर शेर्मन हा जंतुशास्त्रज्ञ, औषधांच्या कंपनीचा मालक. त्यानं विसाच्या दशकाच्या अखेरीस झटपट उभा राहतो म्हणून जाहिरात केलेला एक तंबूट्रेलर घेतला. कुटुंबासह सहलीला गेला आणि पहिल्याच मुक्कामी पावसात तो उभा करता करता सगळे भिजले. परत आल्यावर त्यानं एका सुताराला हाताशी धरून मेसोनाइटच्या तक्त्यांची नऊ फुटी पेटी बांधली. मुलांनी तिला 'कव्हर्ड वॅगन' म्हणायला सुरुवात केली. रस्त्यात लोक थांबवून विचारू लागले, तेव्हा आणखी काही बांधल्या आणि १९३० च्या जानेवारीत डेट्रॉइटच्या मोटार प्रदर्शनात एक मांडली. तीसच्या दशकाच्या मध्यावर त्याची कंपनी देशातली सर्वांत मोठी ट्रेलर बनवणारी कंपनी झाली होती. मी वाचलेल्या वर्णनांमध्ये शेर्मनचं नाव, पद, मुलांचा विनोद सगळं येतं. त्या सुताराचं नाव कुठं येत नाही. मी तीन वेगवेगळ्या पुस्तकांत शोधलं.

वॉली बायम याची कथा अधिक प्रसिद्ध आहे, कारण त्याचा चकचकीत ॲल्युमिनियमचा 'एअरस्ट्रीम' आजही विकला जातो. ऑरेगनमध्ये वाढलेला हा मुलगा लहानपणी मेंढ्या राखायला जाई आणि मेंढपाळांच्या चाकांवरच्या लाकडी खोलीत राही. पुढं स्टॅनफर्डमधून पदवी घेऊन लॉस एंजेलिसमध्ये मासिकं छापू लागला. ट्रेलर घरी कसा बांधावा, यावर त्याच्या मासिकात लेख आला आणि वाचकांच्या तक्रारी आल्या की त्याप्रमाणं केलं तर जमत नाही. मग बायमनं स्वतः बांधून पाहिला. त्याची खरी सुधारणा साधी होती. त्यानं जमीन चाकांच्या मध्ये खाली उतरवली, त्यामुळे आत माणूस ताठ उभा राहू लागला. मग तो आराखडे टपालानं विकू लागला, एक डॉलरला एक. १९३१ मध्ये कारखाना काढला, तरी पहिली काही वर्षं आराखडेही विकत होता. म्हणजे गिऱ्हाईक आणि प्रतिस्पर्धी एकच होते, आणि त्याला त्याचं काही वाटत नव्हतं.

त्याच्या गोलाकार चंदेरी अंगाची कल्पना मात्र दुसऱ्याची. हॉली बोलस हा ग्लायडर बांधणारा. लिंडबर्गचं 'स्पिरिट ऑफ सेंट लुइस' विमान बांधलं गेलं तेव्हा त्या कामावर देखरेख करणारा हाच होता. त्यानं १९३४ मध्ये विमानासारखा रिव्हेट मारलेला 'रोड चीफ' ट्रेलर काढला. दार पुढच्या बाजूला, अगदी मोटारीला जोडायच्या दांड्यावर. देखणा, पण आत जायला कसरत. त्याची कंपनी लवकरच बुडाली. बायमनं ती रचना उचलली, दार बाजूला नेलं आणि १९३६ साली 'क्लिपर' काढला, बाराशे डॉलरला. बाराशे डॉलर ही मंदीच्या दिवसांत फार मोठी रक्कम होती. त्यामुळे हजारो लोकांनी पूर्वीचंच केलं: मासिकातला आराखडा, लाकूडवखारीतलं पाइन, मोडीतला आस. अर्थतज्ज्ञ रॉजर बॅबसन यानं त्याच सुमाराला भाकीत केलं की वीस वर्षांत निम्मी अमेरिका ट्रेलरमध्ये राहू लागेल. ते साफ चुकलं. पण ते लोकांना खरं वाटलं, हे त्या दिवसांबद्दल बरंच सांगतं.

कारण तोवर ट्रेलर सहलीपुरता राहिला नव्हता. बँकेनं घर जप्त केलेली, शेत गेलेली माणसं त्यात कायमची राहू लागली होती. गावोगावच्या नगरपालिका नियम करू लागल्या, की इतक्या दिवसांपेक्षा जास्त मुक्काम करायचा नाही, चाकं काढायची नाहीत. फ्लोरिडात मासे धरायला आलेल्या निवृत्त दुकानदाराचं स्वागत व्हायचं. त्याच्यासारखाच ट्रेलर घेऊन संत्र्यांच्या तोडणीला आलेल्या कुटुंबाला हाकललं जायचं. आणि काळ्या प्रवाशाला तर दोन्ही दारं बंद. १९३६ मध्ये, 'क्लिपर' आला त्याच साली, न्यू यॉर्कच्या व्हिक्टर ग्रीन या टपाल कर्मचाऱ्यानं काळ्या मोटारचालकांसाठी 'ग्रीन बुक' काढलं. कुठं जेवायला मिळेल, कुठं झोपायला मिळेल, याची यादी. मोकळ्या रस्त्याचं स्वातंत्र्य ज्याला म्हणत, त्याचा नकाशा प्रत्येकासाठी वेगळा होता.

पुढं महायुद्ध आलं. माझ्या घरापासून तासाभराच्या अंतरावर विलो रन इथं फोर्डनं बॉम्बर विमानांचा प्रचंड कारखाना उभारला. दक्षिणेतून आलेल्या कामगारांना राहायला घरं नव्हती, तेव्हा सरकारनंच ट्रेलर विकत घेऊन वसाहती उठवल्या. चिखलात रांगेनं उभे ट्रेलर, सामाईक संडास, सामाईक नळ. ट्रेलरमध्ये राहणारा म्हणजे हलका, ही समजूत अमेरिकेत आजवर शिवी म्हणून उरली आहे आणि तिची मुळं या तीस-चाळीसच्या दशकांत आहेत. ॲलन वॉलिस यांनी १९९१ च्या 'व्हील इस्टेट' या ग्रंथात दाखवलंय की या वसाहतींतल्या लोकांनी ट्रेलरला पडव्या, ओटे, जादा खोल्या जोडल्या आणि त्या पाहून कारखाने शहाणे झाले. पन्नासच्या दशकाच्या मध्याला दहा फूट रुंदीचे ट्रेलर निघाले, आणि तिथं वंश दुभंगला. रुंद झाला तो 'मोबाइल होम', गरिबाचं घर, जे एकदा ठेवलं की सहसा हलत नाही. अरुंद राहिला तो हौशी प्रवाशाचा. माझा १९६१ चा ट्रेलर या दुसऱ्या शाखेतला.

आता हौशीकडे येतो. 'डू इट युवरसेल्फ' हा शब्दप्रयोग विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून अमेरिकन मासिकांत सापडतो, पण त्याचं वेड झालं युद्धानंतर. १९४६ मध्ये ब्लॅक अँड डेकर कंपनीनं घरगुती वापरासाठी स्वस्त विजेचा ड्रिल बाजारात आणला. १९४७ पासून न्यू यॉर्कजवळ लेव्हिटटाऊनची एकसारखी घरं उभी राहू लागली. त्यातला माळा मुद्दाम अर्धवट सोडलेला असे. घेणाऱ्यानं तो आपला आपण पुरा करायचा. १९५४ च्या २ ऑगस्टच्या 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर या छंदाचं चित्र झळकलं. त्याच वर्षी 'द लाँग, लाँग ट्रेलर' हा विनोदी चित्रपट आला, ज्यात नवी नवरी प्रवासभर आवडलेले धोंडे गोळा करून ट्रेलरमध्ये लपवते आणि घाटात सगळं अंगाशी येतं. या चित्रपटाकडे मी पुन्हा येणार आहे.

या छंदाचा नीट अभ्यास केला तो स्टीव्हन गेल्बर या इतिहासकारानं. त्याचं म्हणणं असं, की दिवसभर कचेरीत कागद हलवणाऱ्या पुरुषाला घरात स्वतःची म्हणावी अशी जागा उरली नव्हती. हातोडी हातात घेऊन त्यानं ती परत मिळवली. एका पिढीपूर्वी जे काम मजुराचं होतं ते आता मर्दपणाचं झालं. मला हे पटतं, पण त्यात एक अट आहे जी गेल्बरपेक्षा मला जास्त जाणवते. हातानं काम करणं हा छंद व्हायचा असेल तर करणाऱ्याला कुणी मजूर समजणार नाही, याची खात्री आधी असावी लागते. लेव्हिटटाऊनच्या सुरुवातीच्या करारांत गोऱ्यांखेरीज कुणी तिथं राहू नये असं कलम होतं. तिथल्या माळ्यावर करवत चालवणाऱ्या गोऱ्या कारकुनाला पाहून कुणी विचारणार नव्हतं, की तू कुणाकडे कामाला आहेस?

ही अट मला का जाणवते ते सांगायला हवं. माझे आजोबा, आबा, कराड तालुक्यातल्या एका गावचे सुतार. बारा बलुतेदारांतले एक. कुळवाची दुरुस्ती, नांगर, मोटेचं चाक, बैलगाडीची धाव बसवायला लोहाराला मदत, लग्नातला पाट, मेल्यावर तिरडीचा बांबूसुद्धा. मोबदला सुगीला, खळ्यावर, पेंढ्यांच्या हिशोबात. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ च्या 'गावगाडा'त या व्यवस्थेचं बारकाईनं वर्णन केलंय. पण खळ्यावर पेंढ्या मागत उभं राहणं कसं वाटतं, हे त्या पुस्तकातून कळत नाही. ते वडिलांकडून कळलं, आणि त्यांनीही एकदाच सांगितलं.

वडील, अण्णा, प्राथमिक शिक्षक झाले. गावात आमच्या घराण्यात पहिले पगारदार. त्यांनी आबांची हत्यारं, वाकस, रंधा, पटाश्या, गिरमिट, गुण्या, एका पेटीत बांधून माळ्यावर टाकली. आम्हा भावंडांना त्या पेटीला हात लावायची बंदी. गंमत अशी, की वर्ध्याच्या १९३७ च्या परिषदेपासून गांधीजींनी मांडलेलं मूलोद्योगाचं शिक्षण त्या वेळी शाळांत होतं, आणि अण्णा शाळेत मुलांना टकळीवर सूत काढायला शिकवत. सुतार हा शब्द सूत्रधारावरून आला. गेरूत बुडवलेलं सूत लाकडावर ताणून टिचकी मारून रेघ पाडणारा तो. टकळीचं सूत अण्णांना चालत होतं, आबांचं चालत नव्हतं. बाबासाहेबांनी जातीबद्दल जे दाखवून दिलं, की ती कामांबरोबर माणसांचीही विभागणी करते आणि त्यांना एकावर एक रचते, तेही १९३६ चंच. अण्णांनी ते वाचलं होतं की नाही मला माहीत नाही. वागताना ते त्याचंच उत्तर देत होते.

मी पुण्याला अभियांत्रिकी शिकलो, १९८१ मध्ये इथं आलो, मोटारींच्या सुट्या भागांच्या एका कारखान्यात आयुष्य काढलं. सुतारकाम शिकलो ते इथंच, शेजाऱ्याकडून. तो विमा कंपनीतला अधिकारी. शनिवारी सकाळी गॅरेजचं दार उघडं ठेवून खुर्च्या बनवायचा. हे काम दार उघडं ठेवून करता येतं, याचंच मला पहिल्यांदा नवल वाटलं.

अण्णा २००३ मध्ये एकदाच इकडे आले. तळघरात मी पुस्तकांची मांडणी करत होतो. ते जिन्यात उभे राहिले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "एवढं शिकून शेवटी रंधाच?" मी म्हटलं, "हौस म्हणून, अण्णा." त्यांनी 'हौस' हा शब्द स्वतःशी एकदा उच्चारला, खाली आले, एका फळीवर तळहात ठेवला आणि म्हणाले, "ओलं आहे हे. पुढच्या वर्षी वापर." आणि वर निघून गेले. मी ऐकलं नाही. त्या हिवाळ्यात घरातली हीटर सुरू झाल्यावर ती फळी पिळवटली आणि सांधा उघडला. अण्णांना मी कळवलं नाही. त्यांना लाकूड कळत होतं, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

तर ट्रेलर. नवी चौकट घातली, कोपऱ्यांना ब्युटिल टेप लावली, पत्रा पुन्हा चढवला. पत्रा चढवताना एक स्क्रू चुकला तर पुढचं प्रत्येक भोक चुकत जातं, हे कुणी आधी सांगत नाही. नंबरप्लेट मी काढली नाही. तिच्याभोवतीच चौकट बसवली. मग २०१७ च्या जूनमध्ये आम्ही दोघं मिशिगन सरोवराच्या कडेनं लुडिंग्टनकडे निघालो. ताशी पंचावन्न मैलांवर ट्रेलर मागं शेपटीसारखा हलू लागला. आधी थोडा, मग इतका की मोटार उजवीकडे ओढली जाऊ लागली. बायकोनं माझा दंड धरला. नशीब, ब्रेक दाबला नाही. पाय उचलला आणि वेग आपोआप उतरू दिला.

कारण मला माहीत असायला हवं होतं. ट्रेलरचं वजन आसाच्या पुढं जास्त हवं. एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार मोटारीच्या जोडावर यायला पाहिजे. मी सुंदर दिसावं म्हणून पाण्याची टाकी, बॅटरी आणि ओकचं जड कपाट, सगळं मागं बसवलं होतं. चित्रपटातले धोंडे म्हणतात ते हेच. छत्तीस वर्षं यंत्रांत काढलेल्या माणसानं ही चूक केली. १९६१ च्या त्या कारखान्यातल्या कामगारानं केली नव्हती: त्याची मोरी पुढं होती, पाण्याची टाकी पुढच्या बाकाखाली होती. मी ती 'गैरसोयीची' म्हणून हलवली होती. महामार्गाच्या कडेला थांबून मी त्या माणसाच्या बेरजेचा विचार करत राहिलो. परत येऊन सगळं जिथं होतं तिथं नेलं. मोरी हलवायला नऊ दिवस गेले.

तो माणूस कोण असेल, हे शोधायला मी एल्कहार्टला दोनदा गेलो. तिसाच्या दशकापासून हे गाव ट्रेलरचं गाव आहे, आणि आजही अमेरिकेतले बहुतेक प्रवासी ट्रेलर त्याच्या आसपास तयार होतात. तिथल्या कारखान्यांत आमिश पंथाचे पुष्कळ लोक काम करतात, जे स्वतः मोटार बाळगत नाहीत. घोड्याच्या बग्गीत बसणारी माणसं दुसऱ्यांच्या सुट्टीची घरं बांधतात. पहाटे पाचला काम सुरू, कामाच्या नगावर मजुरी, दुपारी घरी. संग्रहालयात कंपन्यांचे मालक, विक्रेते, संशोधक यांची छायाचित्रं ओळीनं लावलेली आहेत. कामगारांची एक-दोन सामूहिक छायाचित्रं आहेत, खाली नावं नाहीत. माझ्या बेरजेवाल्याचं नाव मिळालं नाही. मिळेल असं वाटलंही नव्हतं.

आबांची पेटी आता चुलतभावाकडे आहे. तो कराडला फर्निचरचं काम करतो: प्लायवूड, लॅमिनेट, मॉड्युलर किचन. पेटीतलं फक्त गुण्या तो वापरतो, बाकी हत्यारांना गंज चढलाय. गेल्या दिवाळीत व्हिडिओ कॉलवर मी त्याला ट्रेलर फिरवून दाखवला. त्यानं सगळं शांतपणे पाहिलं आणि विचारलं, "दादा, चौदा महिने म्हणजे मजुरी किती झाली?" मी म्हटलं, मजुरी नाही, माझंच आहे. "मग विकणार?" नाही. "मग कुणासाठी केलं?" मी सांगू लागलो, अमेरिकेत असा छंद असतो, लोक घरची कामं घरीच करतात. तो म्हणाला, "आमच्याकडं पण गिऱ्हाईक आता मोबाइलवर बघून सांगतं, हे असं कर. करून मात्र कुणी बघत नाही." मग थोडा थांबला. ट्रेलरच्या आतल्या कोपऱ्यात मी भिंत आणि छत जिथं जोडलं होतं, तिकडे त्याचं लक्ष होतं.

"फोन जरा खाली घ्या," तो म्हणाला. "आणि उजेडाकडं करा. तिथं फट दिसतीय."

मी फोन खाली घेतला.